देव्हाऱ्यातला इकोचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. हिर्डोशीच्या चंद्राबाईंच्या हृदयात धातूची नवी झडप बसवली, त्यानंतर पुण्याच्या रुग्णालयात त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली. तिला इको म्हणतात. त्या पहिल्या इकोतून मी निघालो. नव्या झडपेतून जायला रक्ताला किती जोर लागतो, त्याचा आकडा माझ्यावर छापला होता, चार. पुढे काही बिघडले तर याच्याशीच ताडून बघायचे, म्हणून दर वेळी कागद आणा, असे तिथल्या डॉक्टरबाईंनी बजावले होते.

घरी येताच चंद्राबाईंनी मला देव्हाऱ्यात ठेवले. नव्या जन्माचा कागद म्हणून दर शुक्रवारी हळदकुंकू वाहू लागल्या. पहिल्या शुक्रवारी मी सुखावलो. नंतर मात्र जीव मेटाकुटीला आला. तपासणीला निघताना सून प्रेरणा मला पिशवीत घालायची आणि सासूबाई परत काढून ठेवायच्या.

"देवापुढचं गावभर मिरवू न्हाई," म्हणायच्या.

तीन वर्षे त्या भोरच्या दवाखान्यात जाऊन येत राहिल्या आणि मी उदबत्तीची राख झेलत बसलो. ओरडायला मला तोंड कुठे होते?

यंदा भातलावणीत त्यांना धाप लागू लागली. चार पावलांत खाली बसायच्या. प्रेरणा आणि सासरे कोंडिबा त्यांना भोरला घेऊन गेले. मी घरीच.

पुढचे मला नंतर कळले. तिथे इको केला, पण धातूची सावली पडून झडपेच्या पाकळ्या दिसेनात. आकडा आला नऊ. तो पहिल्यापासून एवढाच होता, की झडप आता अडकत होती? ते फक्त मी सांगू शकत होतो. आणि मी कुठे, तर बाळकृष्णाच्या मागे! घराला कुलूप, किल्ली कोंडिबांच्या कमरेला. एसटी नव्हती, म्हणून ते दुधाच्या टेम्पोतून आले आणि मला घेऊन तसेच मागे फिरले.

डॉक्टरांनी मला उलगडले, तर नेमका त्या आकड्यावर कुंकवाचा थर. पुसावे तर शाई जायची. शेवटी त्यांनी मला उलटे करून ट्यूबलाइटसमोर धरले, तेव्हा कुठे चार दिसला.

"आजी, देवाला तीन वर्षं दाखवलात. मला एकदा दाखवायचा होतात."

"देवानंच दिला व्हता," चंद्राबाई धापा टाकत पुटपुटल्या.

त्याच दुपारी त्यांना पुण्याला हलवले. तिथल्या हलत्या एक्स-रेत दिसले, की झडपेची एक पाकळी उघडतच नव्हती. रक्ताची गुठळी बसली होती. औषधाने ती विरघळली. आणखी दोन दिवस उशीर परवडला नसता, असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर प्रेरणाने मला आणि नव्या कागदाला पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला अडकवले. शुक्रवारी चंद्राबाई कुंकवाची चिमूट घेऊन आल्या. त्या थबकल्या, पिशवीकडे पाहिले आणि कुंकू खुंटीला लावून मागे फिरल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला अशी झडप बसवली असेल, तर त्यांचा पहिला इकोचा कागद आजच शोधा. त्याला नमस्कार नको. पुढच्या तारखेला बरोबर न्या, एवढीच विनवणी.