सशांना न दिसणारी चादर

जुनी, विरलेली, कडेला ठिगळ लावलेली चादर म्हणजे मीच, मित्रांनो. हसू नका. चादर असून मी डोंगर चढले आहे, आणि तिथे एकदा जे पाहिलं ते आठवलं की अजून माझा धागा न् धागा थरथरतो.

माझा जन्म गिरणीतला. ऐन उमेदीची वर्षं गेली ती विलायतेतल्या केर्नगॉर्मच्या डोंगरांखाली, इशबेल आणि मर्डो या नवराबायकोच्या पलंगावर. तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. मधोमध विरले तेव्हा वाटलं, संपलं, आता आपलं पायपुसणं होणार. पण इशबेलला डोंगर तुडवायचं आणि जनावरांचे फोटो काढायचं भारी वेड! आमच्याकडचे डोंगरी ससे थंडी लागली की पांढरे होतात. बर्फात त्यांच्याजवळ जायचं तर आपणही पांढरंच व्हावं, असं तिच्या मनाने घेतलं. तिने माझ्या विरलेल्या जागी डोकं जाईल एवढं भोक पाडलं, आणि मी तिचा अंगरखा झाले.

काय सांगू माझा तोरा! पहिल्याच दिवशी एक ससा इतका जवळ आला की त्याच्या मिशांवरचं बर्फसुद्धा फोटोत आलं. मर्डो म्हणाला, "खरं सांग, डोंगरावर गेली होतीस की कुणाचा पाळलेला ससा गाठलास?"

"जळतोस मेल्या," इशबेल म्हणाली. "सगळी करामत या चादरीची आहे."

मी फुगून गेले. तिच्या अंगात लालभडक जाकीट असायचं. डोंगरात कुणी अडकलं तर लांबून दिसावं म्हणून तिथले लोक तसलेच रंग घालतात. ते जाकीट मी पुरतं झाकून टाकत होते, आणि त्याचाच मला अभिमान होता.

मग तो नोव्हेंबरचा दिवस आला. इशबेलने पाठपिशवी खाली एका खडकाआड ठेवली, कारण बंदांचा आवाज झाला की ससे उधळतात. फोन आणि शिट्टी त्या पिशवीतच राहिले. ती कॅमेरा घेऊन सरपटत वर गेली. ससा दिसला, तिने फोटो घेतला, उठली, आणि बर्फाखालच्या दोन दगडांमध्ये तिचा पाय गेला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अगं बाई गं! तो आवाज कधी कुणाच्या कानी न पडो.

तिला उभं राहवेना. वारा सुटला, भुरभुर बर्फ पडू लागलं. ती डोक्यासकट मला घट्ट लपेटून पडून राहिली. ठरल्या वेळी ती परतली नाही, म्हणून मर्डो बचाव पथकाला कळवून शोधायला निघाला. त्याला खडकाआडची पिशवी सापडली, ती त्याने खांद्याला अडकवली. तो जिवाच्या आकांताने हाका मारत वर आला. "इशबेल! अगं कुठे आहेस?"

"इथे, इथे," ती म्हणत होती, पण तो आवाज माझ्याही कानी जेमतेम येत होता. मर्डो आमच्या अगदी शेजारून गेला. त्याने आमच्याकडे सरळ पाहिलं, मित्रांनो! पाहिलं, आणि मान फिरवून पुढे गेला.

मी सुन्न झाले. ज्या गुणासाठी माझं कौतुक झालं, तोच गुण माझ्या मालकिणीचा जीव घेत होता. तिच्या अंगावरून उडून जावं तर ती गारठेल, न जावं तर ती सापडायची नाही. शिवाय चादरीच्या हातात असतं काय? इशबेलच्या पापण्या मिटू लागल्या.

मर्डो उलटा फिरला. रडत, धडपडत, काही न बघता तो थेट आमच्या अंगावर आला, आणि त्याचा जड बूट इशबेलच्या हातावर पडला.

"आई गं! पाय काढ मेल्या!"

मर्डोने खाली पाहिलं. बर्फच बोललं की काय, असा त्याचा चेहरा झाला. मग त्याने मला बाजूला सारलं, लाल जाकीट दिसलं, आणि एवढा धिप्पाड गडी तिथेच बसून हमसून हमसून रडला. "इथूनच गेलो गं मी... इथूनच गेलो..." एवढंच तो म्हणत राहिला. त्याने आपलं जाकीट तिच्यावर घातलं, पिशवीतली तिची शिट्टी जोरजोरात वाजवली, आणि बचाव पथकाची माणसं वर आली.

इशबेल दवाखान्यात असताना मर्डोने मला चुलीपाशी नेलं. मी म्हटलं, आता मला जाळणार, आणि जाळलं तरी माझी तक्रार नव्हती. पण त्याने मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, लाल रंग ओतला आणि मला त्यात बुडवलं. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

कुबड्या घेऊन घरी आलेली इशबेल मला पाहून किंचाळली, "माझी चादर! हे काय करून ठेवलंस? आता एक तरी ससा जवळ येईल का?"

"नको येऊ दे," मर्डो म्हणाला. "मी तुझ्याकडे बघितलं होतं इशबेल, आणि तू मला दिसली नाहीस. पुन्हा नाही सोसायचं मला."

तिने मला खांद्यावर ओढून घेतलं.

मित्रांनो, बर्फात जा, डोंगर चढा, सशांपासून खुशाल लपा. पण तुम्हाला शोधत कुणी येणार आहे, त्याच्या डोळ्यांना तुम्ही दिसायला हवं, एवढं या चादरीचं ऐका. आता मला लांबून पाहूनच ससे धूम पळतात. पळू देत बापडे.