मेजरांची पसंती

गाडीला टायर घ्यायचे ठरले, तेव्हा त्या घरात टायरमधलं खरोखर कळणारा माणूस एकच होता, आणि नेमकी त्याचीच वाचा गेलेली होती.

मेजर हे काही खरे मेजर नव्हते. लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि ड्रायव्हर म्हणूनच निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर लष्करी लिलावात निघालेला सहा चाकांचा एक जुना ट्रक त्यांनी आणून दारात उभा केला, आणि गल्लीने त्यांना परस्पर बढती देऊन टाकली. पुढची वीस वर्षं त्यांनी त्या ट्रकवर खाणीतला दगड ओढला. मग सात महिन्यांपूर्वी सकाळी दात घासताना झटका आला. उजवं अंग गेलं, शब्द गेले, अक्षरंही गेली, मान हलवून हो-नाही सांगायचं तर तेही उलटसुलट व्हायला लागलं. डोकं मात्र शाबूत राहिलं, आणि तेच वाईट झालं असं त्यांना हल्ली वाटे.

त्यात आणखी एक भानगड होऊन बसली होती. डॉक्टरांनी घरच्यांना बजावून सांगितलं होतं, की हसू-रडू आता त्यांच्या ताब्यात राहिलेलं नाही, मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरंच असं होईल, मनावर घेऊ नका. मेजरांच्या वाट्याला हसू आलं. जीव कासावीस झाला, राग आला, भीती वाटली की पोटातून खदखदा हसू यायचं आणि आवरता आवरायचं नाही. घरच्यांनी आपल्या सोयीने त्याचा अर्थ लावून घेतला. सोयीचं असेल तेव्हा हसणं म्हणजे होकार, गैरसोयीचं असेल तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलंच आहे.

मुलाची कंपनी बंद पडली होती आणि घरी बसून त्याला आता वीट आला होता. एवढ्यात डोंगरावर मोबाइलचा टॉवर उभारायचं काम निघालं. लोखंड वर न्यायला साधा ट्रक उपयोगाचा नव्हता. चाळीस किलोमीटर गुळगुळीत डांबर आणि पुढे नऊ किलोमीटर नुसता चिखल, दगड आणि चढ. मुलाला दारातली गाडी आठवली. तिचे टायर उन्हाने तडकले होते.

"कोणातरी जाणत्या माणसाला विचारा हो," सून म्हणाली. "या गाडीचं तुम्हाला काय कळतं?"

"मी बघतोय ना," मुलगा म्हणाला. तो तीन दिवस फोनवर टायरचे व्हिडिओ बघत होता आणि जेवतानाही टायरवरच बोलत होता.

दुकानात जाताना त्याने मेजरांनाही चाकांच्या खुर्चीत बसवून नेलं. यात त्याची माया होती, खोटं कशाला बोला. बाबांच्या गाडीला बाबांच्या डोळ्यांसमोर टायर लागावेत असं त्याला मनापासून वाटत होतं.

दुकानात टायरच्या उतरंडी छतापर्यंत गेल्या होत्या. ताज्या रबराचा तो उग्र वास नाकात शिरला आणि मेजरांना सात महिन्यांत प्रथमच बरं वाटलं. टायरवाला बोलका होता. त्याने दोन टायर पुढ्यात गडगडत आणले. एकाच्या अंगावर बारीक, सरळ खाचा. दुसऱ्याच्या अंगावर तळहाताएवढे जाड गट्टू.

"हा डांबराचा," टायरवाला म्हणाला. "आवाज नाही, ब्रेक चोख, पण चिखलात गेलात की जागच्या जागी फिरत बसाल. आणि हा चिखलाचा. भिंतीवर चढवा. पण डांबरावर कानठळ्या बसतील, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक जपून मारायचा."

"मला दोन्ही रस्ते आहेत," मुलगा म्हणाला. "चाळीस किलोमीटर हे आणि नऊ किलोमीटर ते."

"मग दोन्ही घ्या की. पुढे दोन डांबराचे, म्हणजे स्टिअरिंग हलकं. मागे चार चिखलाचे, म्हणजे ढकलायला जोर. तसेही चिखलाचे चारच शिल्लक आहेत माझ्याकडे."

"साइज?"

"आकडा एकच आहे. छापलेलाच आहे, वाचा ना."

मुलाने वाकून दोन्ही आकडे वाचले आणि त्याचा चेहरा उजळला. मेजर मात्र दोन्ही टायरांच्या उंचीकडे बघत होते.

आकडा सारखा असला म्हणून टायर सारखे होत नाहीत. गट्टूंचा टायर तीन बोटं तरी उंच होता. ते त्यांना खुर्चीतून, दहा हातांवरून दिसत होतं. या गाडीची सहाही चाकं इंजिन फिरवतं. डांबरावर पुढची चाकं मोकळी सोडलेली असतात, तोवर काही कळत नाही. चढाला केबिनमधला दांडा ओढला की पुढची-मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. मग लहान चाकाला जास्त फेरे हवे असतात, मोठ्याला कमी, आणि दोघांची ओढाताण मधल्या गिअरबॉक्सला सोसावी लागते. चिखलात चाक जरा घसरतं आणि पीळ सुटतो. कोरड्या दगडावर सुटत नाही. तो वाढत जातो आणि एका क्षणी काहीतरी तुटतं. या गाडीचा हँडब्रेकही त्याच गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावर आहे. ते तुटलं की चढावर गाडीला धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही. नव्या ड्रायव्हरांना हे शिकवताना मेजरांचा घसा सुकायचा. सहाही टायर एका आईची लेकरं हवीत, असं ते सांगायचे, आणि प्रत्येक नव्या टायरला सुतळीचा वेढा घालून माप घेतल्याशिवाय तो चढवू देत नसत.

आता सुतळी कुठून आणायची? त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डाव्या हाताने आपल्या लेंग्याची नाडी ओढायला सुरुवात केली. नाडी निघाली असती तर टायरभोवती धरून दाखवता आली असती. एवढ्या तणावात हसू येणारच होतं, ते आलं.

"अरे, बाबांना जायचंय वाटतं," मुलगा घाईने म्हणाला. "मालक, बाथरूम कुठे आहे?"

मागच्या बाजूला होती. मुलाने त्यांना धावतपळत नेलं, आडोशाला उभं धरलं, नाडी सोडली आणि धीराने वाट बघितली. मेजर हातातली नाडी सोडेनात. मुलाने एकेक बोट उलगडून ती हळूच काढून घेतली आणि पुन्हा बांधली, यावेळी गाठ घट्ट मारून. ते परत आले तेव्हा टायरवाल्याने सहा टायर निवडून बाजूला काढलेसुद्धा होते.

"बाबा, पसंत आहेत ना?" मुलाने खुर्चीजवळ बसून विचारलं.

मेजर हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"म्हाताऱ्या माणसाचं मन किती लवकर भरतं बघा," टायरवाला कौतुकाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टायर चढले. मुलाने डांबरावरून एक फेरी मारली आणि गाडी लोण्यासारखी चालते म्हणून खुशीत सांगत आला. मेजरांनी सुनेला खुणा करकरून कागद-पेन्सिल मागून घेतली. ती बिचारी काम टाकून आली. सात महिने त्यांना न्हाऊमाखू घालणं, घास भरवणं, कूस बदलणं सगळं तिच्याच हातून होत होतं, आणि एकदाही तिने कपाळाला आठी घातली नव्हती. मेजरांनी डाव्या हाताने जीव एकवटून एक मोठं चाक काढलं. त्याच्या पुढे एक लहान चाक काढलं. दोन्ही एका रेघेने जोडली आणि त्या रेघेवर पेन्सिल आपटली.

सुनेने कागद हातात घेऊन न्याहाळला. "सायकल," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "अहो, इकडे या. बाबांनी सायकल काढली."

तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवण्यात आला. मेजरांनी हात टेकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. मेजरांची खुर्ची अंगणात आणली होती. मुलगा चढताना खाली वाकला, त्यांचा खांदा दाबला आणि म्हणाला, "बाबा, तुमची गाडी पुन्हा रस्त्यावर." मेजरांनी डाव्या हाताने त्याची बाही धरली. त्याने ती हसत सोडवली. इंजिन धडधडलं. मेजरांच्या पोटातून हसू उसळलं, ते खुर्चीसकट हलायला लागले, आणि सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत शेजारणीला म्हणाली, "इतकं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं."

दुपारी तीनला फोन आला.

चढावर तीन किलोमीटर मुलगा नीट गेला होता. खडकाळ टप्पा लागला तिथे मोठा आवाज झाला आणि गाडी लोखंडासकट मागे सरकायला लागली. पायाचा ब्रेक तेवढ्या वजनाला पुरला नाही, हँडब्रेक ओढला तर तो रिकामाच हातात आला. मुलाने उडी मारली. जीव वाचला. उजवा पाय चाकाखाली आला, तो गुडघ्याखाली राहिला नाही.

चार दिवसांनी मेजरांना दवाखान्यात नेलं. वॉर्डात सहा खाटा होत्या, मुलाची खिडकीजवळची. सून मेजरांच्या खुर्चीमागे, खांद्यावर हात ठेवून उभी होती. गाडी खाली आणणारा फिटर नुकताच येऊन गेला होता, आणि जाताजाता जे बोलायचं ते बोलून गेला होता.

"पुढचे-मागचे टायर कमी-जास्त होते म्हणाला तो," सून म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "म्हणाला, हे पहिल्या दिवसाच्या ड्रायव्हरलाही कळतं. मी सांगितलं होतं, जाणत्या माणसाला विचारा. कोणी निवडले ते टायर?"

मुलगा चादरीकडे बघत राहिला. चादर एका बाजूला पायाशी सपाट पडली होती. पाय गेला होता, काम गेलं होतं, आता बायकोच्या नजरेतूनही उतरायचं त्याच्या अंगात बळ नव्हतं.

"विचारलं होतं," तो हळूच म्हणाला. "बाबांना विचारूनच घेतले. दुकानात दाखवले त्यांना. त्यांना पसंत होते."

हे बोलताना त्याने मेजरांकडे पाहिलं. लहानपणी काच फोडून आल्यावर बघायचा तसंच पाहिलं.

सून वळून खुर्चीसमोर आली आणि गुडघ्यांवर बसली. "हो का, बाबा? तुम्ही सांगितलं तसं?"

पोटातून ते मेलं हसू वर यायला लागलं. मेजरांनी डावी मूठ तोंडात कोंबली आणि दात रुतेपर्यंत चावली. हसू घशाशी येऊन थांबलं. आयुष्यात त्यांनी एवढा जोर कशालाच लावला नव्हता. मुलगा अजून बघत होता. हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणता येत नव्हतं. पण मान खाली घालायला काही लागत नाही, ती सोडून दिली की आपली आपण खाली येते. त्यांनी ती सोडून दिली.

सून उठली आणि पलंगाच्या पलीकडे नवऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मेजरांच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. ती कोणी पुसली नाही.