दुसऱ्या टोकाचा माणूस

"काका, मुलगी बघायलाही लोक एवढ्या फेऱ्या मारत नाहीत," दुकानदार म्हणाला. "आठवड्यात ही चौथी. आज घेणार, की नुसतं हात लावून जाणार?"

सुतार कसनुसा हसला. काउंटरवर दोन लोखंडी चौकटी मांडल्या होत्या. चेन सॉ, म्हणजे साखळीची मशीन-करवत, चौकटीत बसवायची आणि ओंडक्यावरून ढकलत न्यायची, की सरळ फळ्या निघतात. लहान चौकट एकट्याला चालवता येते, पण चोवीस इंचांपलीकडे चिरत नाही. मोठी छत्तीस इंच चिरते, पण तिला दोन्ही टोकांना मुठी. दोन माणसं हवीत.

आणि अंगणातला ओंडका चांगला चौतीस इंच रुंद! असं लाकूड नशिबानेच मिळतं. पण त्याच्या टोकांना भेगा पडू लागल्या होत्या. रोज सकाळी सुतार भेगेत बोट घालून बघायचा आणि त्याचा जीव खालीवर व्हायचा. महिनाभरात चिरला नाही, तर जळणच.

तीस वर्षं करवतीच्या दुसऱ्या टोकाला एकच माणूस होता, त्याचा धाकटा भाऊ. दोघे कामाला लागले की मध्ये शब्दही लागत नसे. पाच महिन्यांपूर्वी धाकट्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अजून मांडीवर पडलेला. तरी रोज म्हणायचा, "दादा, पुढच्या महिन्यात बघ, उभा राहतो की नाही!" सुताराची बायको एकदाच म्हणाली, "गडी लावा ना एखादा." तो तिच्यावर असा खेकसला, की ती दोन दिवस बोलली नाही.

लहान चौकट नेणं म्हणजे भावाला तोंडावर सांगणं, की तू आता संपलास. मोठी नेली आणि त्याचा हात आलाच नाही, तर? सुतार दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी वैतागून म्हणाला, "मोठी द्या. ओंडका गेला खड्ड्यात. येईल त्याचा हात."

दुकानदाराने काउंटरखालून एक बांधून ठेवलेलं खोकं वर काढलं. लहान चौकटीचं.

"हे काय?"

"तुमच्या भावाचा काल फोन आला होता. म्हणाले, दादा मोठी मागेल, ऐकू नका, एकट्याची द्या. मी फोन केला हे त्याला कळू देऊ नका, असंही म्हणाले. पण मला नाही हो जमत असलं लपवायला."

सुताराला आधी भावाचा भयंकर राग आला. मग त्याने मोठी चौकट मागे सरकवली आणि पैसे मोजले. खोकं खांद्यावर मारून तो तडक घरी निघाला. वाटेत दोघांनी हाक मारली, ती त्याला ऐकूही आली नाही.

धाकट्याने खोक्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने त्याची गाठ सोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी लहान चौकटीत बसावा म्हणून सुताराने ओंडक्याच्या दोन्ही कडा उतरवल्या. दहा इंच लाकूड वाया गेलं. मग पहिली फळी चिरायला घेतली. हातभर गेल्यावर त्याने मशीन बंद केलं आणि समोर बघत उभा राहिला.

"काय झालं?" दाराशी खुर्चीत बसलेल्या धाकट्याने विचारलं.

"काही नाही."

"मग थांबलास कुणासाठी? त्या टोकाला कोणी नाही, दादा. चालव तू."

सुताराने मशीनची दोरी ओढली. ते सुरू झालं नाही. त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा ओढली.