मला चिकटलेलं नाव

मी भिंतीवरचं एक चित्र आहे. चेहरा हिरवा, तोंड डावीकडे सरकलेलं, उजवा हात डोक्याहून मोठा. खाली पितळी पाटी: ‘मत्सर’. कुणी ती मोठ्याने वाचली की मला भिंतीत शिरावंसं वाटतं.

माझा चित्रकार मोठ्या बहिणीच्या जिवावर शिकला. ताई लाँड्रीत इस्त्री करायची. सुट्टीच्या दुपारी तिला तिथल्याच टेबलाशी बसवून त्याने मला रंगवलं. छताला हिरव्या काचा होत्या. त्यांचा उजेड तिच्या गालांवर पडायचा. ओठांच्या कोपऱ्यात टाचण्या धरून बोलायची तिला सवय, म्हणून तोंड तिरकं. आणि हात? त्याच हाताने त्याला भरवलं होतं, धोपटलंही होतं.

मी पूर्ण झाल्यावर ताई बराच वेळ बघत राहिली. मग खळखळून हसली.

“बाळ्या, आमच्या काचांचा उजेड हुबेहूब पकडलास की! आणि हात... एवढा मोठा दिसतो तुला?”

ते हसू मी कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरलं.

प्रदर्शनाला ती नवे कपडे घालून आली. माझ्यासमोर एक नामांकित समीक्षक लोकांना समजावत होते, “हिरवा म्हणजे मत्सर. वाकडं तोंड म्हणजे खोटेपणा. आणि हा राक्षसी हात, सगळं ओरबाडणारा. बरोबर ना?”

सगळे चित्रकाराकडे वळले. मागे उभी असलेली ताईसुद्धा.

त्याने मान डोलावली.

“चित्रात मी वाकडी नव्हते रे,” ताई हळूच म्हणाली, “आत्ता केलंस.” आणि निघून गेली. तोंड असून मला एक शब्द बोलता आला नाही.

समीक्षकांनी दिलेल्या नावानेच या संग्रहालयाने मला विकत घेतलं.

परवा चित्रकार आला. केस पार पिकलेले. शाळेच्या मुली वह्यांत ‘मत्सर’ उतरवून घेत होत्या.

“खोडा ते,” तो एकदम म्हणाला. “ही माझी ताई आहे. इस्त्री करायची. त्या दिवशी चार लोकांत हे सांगायची मला लाज वाटली.”

एका मुलीने विचारलं, “मग ताईंना सांगितलंत का हे?”

“गेलो होतो. तिने चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. चित्राचा विषय मात्र काढू दिला नाही.”

मुली माना खाली घालून वह्यांतलं ते नाव खोडू लागल्या. मीही मान खाली घातली असती, पण रंगवलेली मान हलत नाही.

माझ्यासमोर याल तेव्हा खुशाल हवे ते अर्थ काढा. फक्त जरा हळू बोला. मागे कोण उभं असेल, सांगता येत नाही.