आप्पांच्या खिशातलं पेन

आप्पा, म्हणजे जयमालाचे वडील, गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे रविवारच्या श्रद्धांजली-वंदनेचा, बॅनर करायला ती बोर्लीच्या छपाईवाल्याकडे गेली, तर फेसबुक ग्रुपवरून उतरवलेल्या फोटोत आप्पांच्या छातीवर आडवं ग्रुपचं नाव छापलेलं, ‘आपला रायगड परिवार’. कागदावरचा फोटो वाळवीने केव्हाच खाल्ला होता. फोनमधला तिने स्वतःच पुसला होता. ग्रुपवर टाकला म्हणजे बँकेत ठेवल्यासारखाच, असं तिला वाटलं होतं.

"वर हार टाकतो ना, बाई. अक्षरं झाकतील," छपाईवाला म्हणाला.

"खिशातलं पेनपण झाकेल. आमच्या घरातलं पहिलं पेन ते. ते दिसावं म्हणून तर आप्पांनी फोटो काढला."

तिने ग्रुप चालवणाऱ्या परेशला फोन लावला. तो उरणकडचा, ट्रकच्या धंद्यातला.

"ताई, लोक फोटो उचलतात, आपलेच म्हणून खपवतात. म्हणून नाव छापतो. ग्रुपवर आला की फोटो ग्रुपचा."

"बरं. मग रविवारी वंदनेला ग्रुपच पुढे बसवा. बाप तुमचा, तर जेवणही तुम्हीच घाला."

पलीकडे परेश हसला. "न्हाय ताई, बाप तुमचाच. कोरा फोटो हाय माझ्याकडं, पाठवतो."

फोटो आला. पेन जागच्या जागी होतं. पाठोपाठ परेशने विचारलं, ‘ग्रुपवरच्या फोटोवर आता तुमचं नाव टाकू का?’

जयमालाने लिहिलं, ‘माझं कशाला? आप्पांचं लिहा, धर्माजी तांबे. आणि खाली कोपऱ्यात, खिशावर नको.’