मापवालीचा कोट

नवऱ्याने स्वतःच्या हाताने कोट शिवून परदेशी पाठवला, तर बायकोने खरं म्हणजे तो चार जणींना मिरवून दाखवावा. मापवालीने मात्र तो अंगात घातला, लाँड्रीतल्या कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर उभी राहिली आणि तिचं डोकंच फिरलं. कंबरेत हा एवढा सैल! मूठभर कापड हातात येत होतं. आणि खांद्यात असा आवळलेला की हात वर करायची सोय नाही.

"हा माझा कोट नाहीच," ती म्हणाली.

शेजारी बुटांच्या नाड्या बांधत बसलेल्या वकीलमावशीने वर पाहिलं. मावशी काही वकील नव्हती. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या मशीनवर ती मापवालीच्या जोडीला असायची. पण या देशात तिचे केस पांढरे झाले होते, आणि आपली भाषा बोलणारी एकही बाई तिला विचारल्याशिवाय कुठला अर्ज भरत नसे.

"तुझा नाही तर कुणाचा? पार्सलवर नाव तुझंच आहे की."

"नाव माझं आणि माप दुसरीचं," मापवाली म्हणाली आणि तिने कोट अंगातून ओरबाडून काढला.

आता हा राग कळायचा तर यांचं दुकान कळलं पाहिजे. नवरा टेलर. लहानथोर सगळे त्याला मास्तर म्हणायचे. मास्तरचा एक नियम होता, वडिलांकडून आलेला: परक्या बायकांच्या अंगाला आपण टेप लावायची नाही. बाई गिऱ्हाईक आलं की तो कटिंगच्या टेबलाकडे तोंड करून उभा राहायचा. माप घ्यायची ती बायको. ती आकडे मोठ्याने सांगायची, तो पाठमोरा लिहून घ्यायचा. त्यावरूनच तिचं नाव मापवाली पडलं, आणि ते तिला इतकं आवडायचं की लाँड्रीतही तिने हेच नाव सांगितलं.

इकडे नोकरी मिळाली तेव्हा दोघांचं नीट ठरलं होतं. आधी ती जाणार. तिचा कायमचा कागद झाला की ती मास्तरला बोलावणार. मग तो आल्या दिवसापासून काम करू शकेल, एखाद्या गाळ्यात मशीन टाकू शकेल. तोवर त्याने दुकान चालवायचं. सगळं ठीक होतं, पण एक गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती. मापवालीच गेल्यावर बायकांची मापं घेणार कोण?

मास्तरने काजबटणवालीला ठेवलं. ही बाई आधी घरी बसून त्यांच्या कपड्यांना काज करून द्यायची, बटणं लावायची. नवरा वारलेला, हात सफाईदार, बोलायला गोड. मापवालीला ती आधी आवडायचीसुद्धा. मग एकदा व्हिडिओवर बोलताना मास्तरच्या मागून ती गेली, आणि तिच्या गळ्यात मापवालीची टेप होती. टोकाची पत्र्याची पट्टी निघाली तेव्हा मापवालीने स्वतः लाल दोऱ्याने ती शिवली होती. तो लाल दोरा तिला साता समुद्रापलीकडून दिसला.

"तिला टेप कुणी दिली?"

"अगं, मापं घ्यायला टेप नको का?" मास्तर म्हणाला. "मी काय दोरीने घ्यायला सांगू?"

त्याचंही बरोबरच होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. पुढे तर कहरच झाला. फोन चालू असताना मागून कुणी गिऱ्हाईक ओरडलं, "मापवाली आहे का?" आणि ती बया आतून म्हणाली, "आले, आले!" त्या दिवशी इस्त्रीच्या मशीनवर मापवालीने चादरी अशा आदळल्या की मुकादम येऊन बघून गेला.

आणि आता हा कोट. मास्तरला झोपेतून उठवून विचारलं तरी बायकोचं माप तो घडाघडा सांगेल. त्याच्या हातून चूक? शक्यच नाही. काजबटणवाली कंबरेत सुटलेली होती आणि खांद्यांनी अरुंद. म्हणजे कोट तिच्या अंगावर लावून बघितला. म्हणजे मास्तरने ट्रायल घेतली. वडिलांचा नियम मोडून! मापवालीने डोळे मिटले की तिला ते दिसायचं: आपल्या आरशापुढे ती उभी, मास्तर मागे, टाचण्या तोंडात धरलेल्या. मास्तरने आपल्याला मारलं असतं तरी चाललं असतं असं तिला वाटायला लागलं.

"मी त्यांना आत्ताच बोलावते," तिने जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

मावशीने घास खाली ठेवला. "वेडी आहेस का? कायमचा कागद व्हायला वर्ष आहे अजून. आत्ता बोलावलंस तर तो नुसता तुझ्या सोबतीला आलेला माणूस. त्याला काम करायला बंदी. पैसे घेऊन एक टीप जरी मारली, तरी दोघांचे कागद गेले म्हणून समज."

"राहील घरात. मी कमावतेय ना?"

"माझाही राहिला होता," मावशी म्हणाली. "मी पण अशीच घाई केली होती. खिडकीत बसून समोरच्या गाड्या बघत बसायचा. भांडणारा नवरा परवडला गं, गप्प बसलेला नाही परवडत. झाडाला फळ धरू दे, मग तोड."

"आणि तोवर दुसरीनेच तोडलं तर?"

मावशीने कपाळावर हात मारला. मापवालीने त्याच आठवड्यात अर्ज टाकला.

मास्तरला तिने फोनवर कोटाचं काही सांगितलं नाही. "मला एकटीला राहवत नाही," एवढंच म्हणाली आणि रडली. रडू खरं होतं, कारण खोटं. मास्तरने आधी तिला रडू दिलं. मग म्हणाला, "दुकानाचं काय करू?"

"दुकान काय पळून जातंय?"

दुकान पळून गेलं नाही, पण गाळ्याचा मालक शटर बंद ठेवू देईना. चालवणारं कुणीतरी पाहिजे म्हणाला. चालवू शकेल अशी एकच बाई होती. मास्तरने गाळ्याचा भाडेकरार तिच्या नावावर करून दिला, मशीनं तिला दिली आणि व्हिसा आल्यावर निघाला. मापवालीला जे जे त्या बाईच्या हाती जायला नको होतं, ते सगळं तिने स्वतःच्या हट्टाने तिच्या ओटीत घातलं. पण तेव्हा तिला फक्त एवढंच दिसत होतं की मास्तर तिथून निघाला.

विमानतळावर ती मुद्दाम तो कोट घालून गेली. बघू दे, म्हणाली, तोंड कसं करतो ते. मास्तर सामानाची ढकलगाडी घेऊन बाहेर आला. तिला बघून हसला आणि मग त्याचं हसू गेलं. गाडी तिथेच सोडून तो तिच्याभोवती फिरला, पुढून, मागून. लोक वाट काढून जात होते.

"तू जेवतेस की नाही?" तो म्हणाला.

"विषय बदलू नका."

"अगं कंबर कुठे गेली तुझी? आणि हे खांदे?"

खोलीवर आल्यावर त्याने हातसुद्धा धुतले नाहीत. खिशातून टेप काढली. लाल दोऱ्याची, तिचीच. "तुझी आहे म्हणून घेऊन आलो," म्हणाला. "तिला नवीन आणून दिली." मग त्याने बायकोचं माप घेतलं, आणि प्रत्येक आकड्याला त्याचा चेहरा उतरत गेला. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिचे खांदे रुंद झाले होते आणि दोन-दोन पाळ्या करून कंबर गळाली होती. तिने स्वतःला आरशात रोज पाहिलं होतं. जगाची मापं घेणाऱ्या बाईने स्वतःचं तेवढं घेतलं नव्हतं.

"मला विचारायचं तरी कापायच्या आधी," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"तुझं माप मी कधी विचारलंय? निघालीस तेव्हाचं पाठ होतं, तेच कापलं."

"आणि तिच्या अंगावर लावून नाही बघितलंत?"

"कुणाच्या?"

"काजबटणवालीच्या."

मास्तर टेप गुंडाळायचा थांबला. "तिचं माप मला काय ठाऊक? बायकांची मापं घेणारी तर तू. तू इकडे."

भुईने पोटात घ्यावं असं मापवालीला झालं. "एवढ्यासाठी बोलावलंस?" असं त्याने एकदाच विचारलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, तेच वाईट. ओरडला असता तर तिनेही चार शब्द ऐकवले असते.

कोट त्याने उसवला. खांद्याच्या शिवणीत आत भरपूर कापड दुमडून ठेवलेलं होतं, ते सोडलं. कंबर आत घेतली. मशीन नव्हतं, सगळं हाताने. कोट असा बसला की लाँड्रीतल्या बायका गोळा झाल्या, आम्हालाही शिवून द्या म्हणून. मावशीने सगळ्यांना हाकलून लावलं. मग मास्तरने पडदे आखूड केले, उशांचे अभ्रे नवे शिवले, मापवालीच्या मोज्यांचीही भोकं बुजवली. खोली ती केवढी! शिवण्यासारखं सगळं लवकरच संपलं.

पहिले काही दिवस दुकानातून फोन यायचा. "मास्तर, मी मापवाली बोलतेय," असं ती बाई खुशाल म्हणायची, आणि मापवालीच्या अंगाची लाहीलाही व्हायची. एखादी कॉलर अडलेली असायची, एखादी बाही. मास्तर उठून उभा राहायचा, हवेत हात फिरवून कापड कसं बेतायचं ते सांगायचा. फोन ठेवला की पुन्हा खुर्चीत बसायचा. आपल्या येण्याने त्याचा चेहरा असा कधी उजळत नाही हे तिला दिसत होतं. तिने एकदा फोन उशीखाली लपवलासुद्धा.

एका संध्याकाळी ती कामावरून आली, तर मास्तर खिडकीशी बसलेला आणि मांडीवर तिचा कोट. एक बाही पूर्ण उसवलेली.

"हे काय? बाही नीट होती की."

"नीटच होती," मास्तर म्हणाला. "शिवायला दुसरं काही नव्हतं."

त्याने हे अगदी साधेपणाने सांगितलं. ती पलंगावर बसली. पायातले बूट तसेच. मग फोन काढून त्याच्यापुढे धरला.

"दुकानात लावा फोन. काही अडलंय का विचारा तिला."

"नाही अडत तिचं आता काही," मास्तर सुईत दोरा ओवत म्हणाला. "शिकली ती."

आयुष्यात पहिल्यांदा मापवालीला वाटलं की त्या बाईचा फोन यावा, तिचं काहीतरी बिघडावं. कॉलर उलटी लागावी, गिऱ्हाइकाने तमाशा करावा, आणि तिने रडत मास्तरला फोन करावा. तिने फोन उशाशी ठेवून बराच वेळ वाट पाहिली. तो वाजला नाही.

सकाळी कोट खुंटीवर तयार होता. बाही पुन्हा जागच्या जागी, टाका ओळखू येऊ नये अशी. तिने तो घातला. हात वर केला, खाली केला. कुठे म्हणून खोट नव्हती. अशी मापाची वस्तू तिच्या अंगावर कधी बसली नव्हती. दाराशी जाऊन ती थांबली.

"अहो, पाठीत जरा ओढतोय."

मास्तर उठला. मागे येऊन उभा राहिला. पाठीवरून त्याने हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. तीस वर्षं टेलरकी केलेला माणूस तो, त्याला का कळणार नाही?

"कुठे?" त्याने विचारलं.

"इथे. नाही, जरा खाली."

"हं," मास्तर म्हणाला आणि टेप गळ्यात अडकवली. "काढ. तुला उशीर होईल. संध्याकाळपर्यंत करून ठेवतो."

तिने कोट काढून त्याच्या हातात दिला आणि कडाक्याच्या थंडीत नुसत्या स्वेटरवर बस पकडायला धावली.