दोन्ही राउटर धरून

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि खरं सांगू का, पार थकलोय. पाठ फुगली आहे, काच तडकली आहे. नवा होतो तेव्हा दुकानात माझं काय कौतुक! आता "हा डबा अजून चालतो?" एवढंच कानावर येतं.

माझी मालकीण एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात काम करते. तिला सगळे मावशी म्हणतात. तिची मुलगी जन्मापासून बहिरी, परगावी एका छापखान्यात कामाला. दोघी माझ्या पडद्यावर हातांच्या खुणांनी बोलतात. आवाज तुटला तर माणूस अंदाज तरी बांधतो. चित्र अडकलं की यांचं बोलणंच खुंटतं. आणि ते अडकायचं नेमकं लांबलचक पॅसेजमध्ये. धुलाईखान्याचा वायफाय राउटर सोडून वॉर्डाकडचा पकडेपर्यंत मुलीचा हात हवेतच थिजायचा. शेवटी दुरुस्तीवाल्याने मला दोन्ही राउटर एकदम धरायला लावलं.

"मावशी, तापेल हं. चार्जिंगही भराभर उतरेल."

"तापू दे मेला!" मावशी म्हणाली. झालं, तेव्हापासून माझ्या जिवाला विसावा नाही.

मग एकदा मुलीचा उजवा हात यंत्रात सापडला. ऑपरेशन झालं. बोटं पुन्हा वळतील का, हे डॉक्टरही सांगेनात. बोटं गेली म्हणजे तिची वाचाच गेली की हो! मावशी रजा टाकून तिच्याकडे गेली; रजा संपली म्हणून परत आली खरी, पण तिच्या घशाखाली घास उतरेना.

पट्टी सुटली त्या दिवशी मुलीचा फोन आला, तो नेमका मावशी चादरींची गाडी ढकलत असताना. मुकादम ओरडला, "मावशी, वॉर्ड खोळंबलाय!" तिने मला चादरींवर टेकवलं आणि गाडी पॅसेजमध्ये घातली. मी चटका बसेल इतका तापलो होतो. मागचा राउटर निसटू बघत होता, पुढचा जेमतेम हाताशी लागला होता. पण मी एकही सोडला नाही. पडद्यावर सुजलेली बोटं थरथरली. अंगठा हलला. मग एकेक बोट, सावकाश, चांगलंच वैतागून बोललं, "आई, फोन सरळ धर. नुसतं छत दिसतंय!"

मावशीने मला उचलून सरळ धरलं आणि तिथेच जमिनीवर बसली. हसत होती की रडत होती, देव जाणे. मुकादम आला, पडद्यात डोकावला आणि गाडी स्वतःच ढकलत निघाला.

मित्रांनो, तुमच्या घरातला जुना फोन तापला तर त्याला शिव्या घालू नका. घटकाभर बाजूला ठेवा, गार होऊ द्या. माझ्या नशिबी तेवढंही नव्हतं. मावशीने मला बाहीने पुसलं आणि लगेच चार्जिंगला लावलं, कारण मुलीला अजून खूप भांडायचं होतं.